तिचं ताट, माझी वाटी

चैत्र सरत आला की पालघरजवळच्या आमच्या माहीमची हवा बदलते. सकाळी वाडीत पाणी लावायला गेलं तर केळींच्या खाली अजून गारवा असतो, पण ऊन चढलं की समुद्राकडून वारा सुटतो आणि येताना किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास घेऊन येतो. बाहेरगावचे पाहुणे नाकाला रुमाल लावतात. आम्हाला तो वास आला की उन्हाळा घरात शिरल्यासारखा वाटतो. पालघरच्या रस्त्याला ताडगोळेवाल्या बसू लागतात. मागच्या दारी कैऱ्या फोडल्याचे आवाज येतात. मसाल्याच्या मिरच्या अंगणात पसरल्या जातात आणि जाता-येता सगळे शिंकत राहतात. शाळेत तेव्हा शेवटचे पेपर चालू असतात. मुलं खाली मान घालून लिहीत असतात, पंखा कुरकुरत असतो, आणि मी बाकांमधून फेऱ्या मारता मारता काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात जाऊन पोचते.

तो उन्हाळा मी जवळजवळ न जेवता काढला होता. वजन कमी करण्यासाठी माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. जठराचा मोठा भाग काढून टाकतात आणि एक बारीकशी नळी मागे ठेवतात. मुंबईच्या दवाखान्यात डॉक्टर मला समजावत होते, "केळ्याएवढं पोट राहील." आमची केळीची वाडी. मी सवयीने विचारून गेले, "कुठलं केळं? भाजीचं की वेलची?" डॉक्टर आधी गोंधळले, मग हसले आणि म्हणाले, "वेलची समजा." माझा नवरा दिनेश शेजारी बसला होता. तो हसला नाही. वेलची केळं तो एका घासात खातो.

मी लहानपणापासूनच अंगाने भरलेली. पालघरला माहेर. वर्गाच्या फोटोत मला नेहमी मागच्या रांगेत उभं करायचे, आणि मागच्या रांगेतही कडेला. बी.एड. झालं, बोईसरच्या एका शाळेत नोकरी लागली, लग्न होऊन माहीमला आले. सासूबाई आधीच गेल्या होत्या. स्वयंपाकघर होतं माझ्या मोठ्या जावेच्या हातात. ती उमरोळीची. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते, आणि ती मला मिनू. तीही अंगाने थोराड. आम्ही दोघी एकदम दारात आलो तर एकीला थांबावं लागायचं. मग ती म्हणायची, "जा गो तू, मी डिझेलवर हाय, मला वेळ लागतो."

सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे पुरुष आणि मुलं आधी जेवायची. त्यांचं उरकलं की आम्ही दोघी मागच्या पडवीत बसायचो. तिथल्या लाद्या उन्हाळ्यातही गार असतात, आणि पलीकडे पानवेलींचे मांडव असल्यामुळे उजेड हिरवट पडतो. ताई कालवणाचा टोपच खाली घेऊन यायची. त्याच्या तळाला राहिलेल्या आमटीत, कडेला लागलेल्या मसाल्यात ती भात कालवायची, टोप भातानेच पुसून काढायची, आणि मग त्याचे दोन ढीग करायची. "टोपाच्या बुडाला जे लागतं ना, ते मुंबईच्या शेटलापण मिळत नाय," असं म्हणत मोठा ढीग माझ्याकडे सरकवायची. भाजलेला सुका बोंबील असायचा, कैरीची चटणी असायची, तांदळाच्या भाकरीचे पापुद्रे असायचे. आम्ही घाम येईपर्यंत जेवायचो. बोलायचो तर किती! तिच्या माहेरची भांडणं, माझ्या मुख्याध्यापिकेचे नखरे, कुणाच्या सुनेने काय केलं, दिनेश आणि त्याचा भाऊ लहानपणी कसे मार खायचे. एकदा माझं पोटातलं बाळ गेलं होतं. ते रडणंसुद्धा मी त्या पडवीत, समोर ताट असतानाच रडले होते. ताई मधून मधून म्हणायची, "घास घे. रडायला ताकद लागते."

जेवण झालं की हात धुवून आम्ही तिथेच लाद्यांवर आडव्या व्हायचो, पाय भिंतीला टेकवून. पोट तट्ट फुगलेलं, डोळे जड, मांडवातून येणारा वारा. सुख कशाला म्हणतात असं कुणी विचारलं तर आजही माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा त्या चार फुगलेल्या टाचाच येतात, भिंतीला लावलेल्या.

हे सगळं सोडून मी ऑपरेशन का केलं, असं मला अजून लोक विचारतात. साधं उत्तर आहे. माझे गुडघे गेले होते. बोईसर स्टेशनचा पूल चढताना मला मध्ये दोनदा थांबावं लागायचं, आणि मी थांबले हे कुणाला कळू नये म्हणून मोबाइल बघायचा बहाणा करायची. साखर वाढली होती. झोपेत माझा श्वास अडकायचा, आणि दिनेश शेजारी जागा राहून तो परत सुरू होण्याची वाट बघायचा. दुधीचा रस, समुद्रावरचं चालणं, सोमवार, गुरुवार, सगळं करून झालं होतं. उतरलेलं वजन दिवाळीपर्यंत परत यायचं. माझा मुलगा तेव्हा शाळेत होता. एकदा तो अगदी सहज म्हणाला, "आई, तू म्हातारी होशील तेव्हा चालू शकशील का?" मग मी पुढे काही विचार केला नाही.

शाळेला सुट्टी लागली की लगेच ऑपरेशन करायचं ठरलं. आणि त्याच सुट्टीच्या शेवटाला ताईच्या मुलीचं, प्राजूचं लग्न होतं.

"लग्न होऊन जाऊ दे, मग कर ना गो," ताई म्हणाली. "पोट कुठं पळून चाललंय काय?"

"शाळा सुरू झाली की रजा नाही मिळत, ताई. आणि डॉक्टर म्हणाले, आता लांबवू नका."

"मग प्राजूच्या लग्नात तू काय करणार? सगळे जेवतील आणि तू बघत बसणार?"

"वाढेन की सगळ्यांना."

ते आमचं त्या पडवीतलं शेवटचं मोठं जेवण होतं. दुसऱ्या दिवसापासून मला ऑपरेशनच्या तयारीचं पातळ खाणं सुरू करायचं होतं. तिने नेहमीसारखा टोप पुसला, पण ढीग एकच केला आणि तो सगळाच माझ्याकडे सरकवला. "तू खा. मला भूक नाय," म्हणाली. ताईला भूक नाही, हे मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकलं.

दवाखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पोटावर छोटी छोटी भोकं होती, त्यांवर पट्ट्या. नर्सने औषधाच्या इवल्याशा कपातून पाणी दिलं आणि म्हणाली, हा कप सावकाश संपवायचा. मला वाटलं, ही चेष्टा करते आहे. पण दोन घोट घेतले आणि छातीत असं दाटून आलं की कप खाली ठेवावा लागला.

घरी परतताना दिनेश मनोरला चहासाठी उतरला. मी गाडीत बसून होते. हायवेच्या कडेला वडे तळत होते. गरम तेलाचा, मिरचीचा, चुरचुरणाऱ्या बेसनाचा वास खिडकीतून आत येत होता. त्या वासासाठी मी कितीदा गाडी थांबवायला लावली असेल! पण त्या दिवशी मला काहीच झालं नाही. तोंडाला पाणी सुटलं नाही, पोटात खड्डा पडला नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की भूक जिथून लागते तो भागही बराचसा जातो, काही महिने भूक लागणार नाही. मी ते ऐकून खूश झाले होते. आयुष्यभर जिच्याशी भांडले ती गेली, तर बरंच झालं. पण मनोरला त्या वड्यांकडे बघताना मला एकदम परकं वाटलं. रोज दारात येऊन हाका मारणारं एखादं माणूस कायमचं निघून गेल्यासारखं. दिनेश चहाचा कप लपवत लपवत पीत होता, मला दिसू नये म्हणून. मी काच खाली करून म्हटलं, "अरे, नीट पी. मला काही होत नाहीये." आणि मग मला रडू आलं.

घरात भर उन्हाळा चालला होता. रायवळ आंब्यांच्या पाट्या खाटेखाली गवतात पिकत होत्या. लग्नासाठी पापड लाटले जात होते, पावसाळ्याची सुकी मासळी डब्यांत भरली जात होती. आणि मी चटणीच्या वाटीतून मुगाचं पाणी पीत होते. शहाळ्याचं पाणी, ताक, गाळलेलं सूप, पाण्यात कालवलेली ती खडूसारखी प्रोटीनची पूड. घोट घोट. मग काही दिवसांनी घोटलेली डाळ, मग चमचाभर मऊ अंडं. जेवण आणि पाणी एकदम घ्यायचं नाही. प्रत्येक घास तोंडात पार विरघळेपर्यंत चावायचा. घाई केली की शरीर लगेच शिक्षा करायचं. चहा-बिस्किटाच्या वेळी, पापड भाजताना, दूध उतू जाताना माझा हात आपोआप तोंडाकडे जायचा आणि मध्येच थांबायचा. दिवसभरात मी नकळत किती वेळा काही ना काही तोंडात टाकत होते, ते मला तेव्हा कळलं. ते सगळे क्षण आता रिकामे झाले होते. त्यांचं काय करायचं मला सुचत नव्हतं. मी उगाच कपाटं आवरायची.

ताई रोज सकाळी शहाळं सोलून आणायची. स्टुलावर ठेवायची. "घोट घोट पी," म्हणायची आणि निघून जायची. बसायची नाही. मला वाटायचं, लग्नाची कामं आहेत, तिला कुठला वेळ? पण एका दुपारी मी पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेले तर ती ओट्याशी उभी राहून जेवत होती. ताट हातात, तोंड भिंतीकडे. चार घास भराभर गिळले, ताट विसळलं आणि मागे वळली तर मी दारात. पडवीत कुणीतरी कैऱ्यांची पोती आणून टाकली होती, बसायला जागाच नव्हती. मी माझ्या खोलीत परत आले. माझ्या पोटाला बाकी काहीच नको होतं, तरी आत कुठेतरी मोठी भूक लागल्यासारखं झालं.

आता शाळेत नवीन आलेल्या शिक्षिका माझे जुने फोटो बघून "या तुम्ही?" म्हणतात, तेव्हा मला गंमत वाटते. पण अंग उतरायला लागलं तेव्हा ती काही गंमत नव्हती. त्या पावसाळ्यात केस गळायला लागले. कंगव्यात पुंजके यायचे, बेसिनमध्ये, उशीवर. हातातल्या बांगड्या भाकरी थापताना कोपरापर्यंत चढायच्या. मला थंडी वाजायची, तीही बोईसरमध्ये, जिथे कारखान्यांमधून येणारी माणसंसुद्धा घामाने निथळत असतात. पालघरच्या बाजारात ओळखीच्या बायका हात धरून हळूच विचारायच्या, "काय गो, बरं नाय काय?" आधी त्याच बायका म्हणायच्या, जरा कमी कर. एकदा बोईसर स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसले. त्या रिक्षावाल्यांनी मला कधी मागच्या सीटवर तिसरी म्हणून घेतलं नव्हतं. बघूनच म्हणायचे, "मैडम, आप आगेवाली रिक्षा में बैठ जाओ." त्या दिवशी रिक्षावाला बाहेरच्या बाईला म्हणाला, "आ जाओ, पीछे तीन आराम से हो जाएँगे," आणि ती माझ्याशेजारी बसली. माझ्या मांडीला तिची मांडी लागत होती आणि तरी मध्ये जागा होती. शाळेपर्यंत मी त्या जागेकडेच बघत होते.

पण हे सगळं नंतरचं. त्या उन्हाळ्यात लग्न अजून व्हायचं होतं.

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव होता, वाजंत्री होती, वड्यांचे घाणे निघत होते. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसून पानाचे विडे बांधत होते. साडी कशीतरीच दिसत होती, ब्लाउज आत शिवून घेतला होता. तेवढ्यात दिनेशच्या आत्या आल्या. मोठ्या प्रेमळ बाई. हातात मटणात बुडवलेला वड्याचा तुकडा. "पोरीची हळद हाय आणि काकी उपाशी? एका घासानं काय होतंय?" म्हणत त्यांनी तो माझ्या तोंडात घातलाच. मलाही नाही म्हणता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर, इतक्या दिवसांनी ती चव जिभेला लागली तेव्हा चावायचं भानच राहिलं नाही.

तो घास छातीत जाऊन बसला. खाली जाईना, वर येईना. तोंडाला लाळ सुटली, घाम फुटला, कान बंद झाले. वाजंत्री लांब कुठेतरी चालल्यासारखी वाटायला लागली. मी उठले आणि घराच्या मागे, भांडी घासायच्या जागेकडे पळाले. तिथे भिंतीला धरून वाकले. फेसच फेस. मागून कुणीतरी माझ्या कपाळाला हात लावून डोकं धरलं. हाताला हळद होती. ताई होती.

ती नवरीची आई. सगळं अंगण तिला शोधत असणार. मी खुणेने म्हटलं, जा. ती गेली नाही. घास पडला, मला श्वास आला. तिने पदराने माझं तोंड पुसलं आणि मग तिथेच, ओल्या दगडावर, नव्या साडीत बसली.

"मी तुझ्यावर रागावले नव्हते गो," ती म्हणाली.

मी काही विचारलं नव्हतं.

"मी या घरात आले ना, तेव्हा हसायचे मला. पानावर बसले की म्हणायचे, हिला दोन पानं मांडा. मी मग सगळ्यांच्या मागून जेवायला लागले. कुणी बघू नये म्हणून. आमच्यात बायका मागून जेवतात असं तुला वाटलं असेल. तसं काय नव्हतं. ते माझं मी सुरू केलं." ती जरा थांबली. "मग तू आलीस. दारात उतरलीस तेव्हा मी तुला बघितलं आणि आत जाऊन देवापुढं साखर ठेवली. म्हटलं, आता हसतील तर दोघींना हसतील."

पलीकडे बायकांनी हळदीची गाणी धरली होती.

"आता तू बारीक होणार. झालंच पायजे, तुझे गुडघे मी बघितलेत. पण मला वाटलं, आता परत मी एकटीच. ताट घेऊन भिंतीकडं तोंड करून."

मी तिचा हळदीचा हात धरून बसले. मग कुणीतरी "नवरीची आई कुठे?" म्हणून हाक मारली आणि ती "आले गो!" म्हणत, गुडघ्यावर हात रेटून उठली.

लग्न झालं. प्राजू सासरी गेली. मांडव सुटला, घर एकदम मोठं वाटायला लागलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुपारी पुरुषांची जेवणं झाल्यावर मी पडवीतली पोती बाजूला ओढली, लादी पुसली, माझी चटणीची वाटी घेतली आणि जाऊन बसले. हाक मारली, "ताई, ये जेवायला."

ती टोप घेऊन आली. माझ्या वाटीकडे बघून म्हणाली, "एवढंसं तर तुझं लगेच होईल. मग मला बघत बसशील."

"बस तर खरं."

माझ्या वाटीत ओला बोंबील होता, वाफवून कुस्करलेला. तोही ताईनेच केलेला. मला मऊ मासा चालेल असं डॉक्टरांकडून कळल्यावर ती म्हणाली होती, "मग बोंबलासारखं दुसरं काय हाय? त्याला दात लागतच नाय." मी एक चमचा तोंडात घेतला आणि चावत बसले. ती भात कालवत होती. मी चावत होते. तिने प्राजूच्या सासूचं सांगायला सुरुवात केली. मी चमचा खाली ठेवला, ऐकलं, परत उचलला. तिने भाकरी मोडली, परत भात घेतला, चिंबोरीचा पाय फोडला. गप्पा चालल्या होत्या. शेवटी तिने बोटं चाटून ताट सरकवलं आणि बघितलं तर माझी वाटी त्याच वेळी संपली होती. इतका वेळ मला त्या चार चमच्यांना लागला होता.

ती हसायलाच लागली. "अगो, तुझी वाटी म्हणजे माझं ताट झालं की!"

त्या दिवसापासून ते तसंच चाललं. शाळा उघडेपर्यंत रोज दुपारी, मग सुट्टीच्या दिवशी. मला सावकाशच खायचं होतं, आणि तिलाही घाई नव्हती. खरं तर आम्ही पूर्वी जेवायचो तेव्हा मला चवी कळायच्याच नाहीत, भसाभसा आत जायचं सगळं. आता एका बोंबलात मला किती चवी लागायला लागल्या! आधी खारटपणा, मग हळद, मग मागाहून हलकेच येणारा गोडवा. मी ताईला हे सांगितलं तर ती तिचा घासही तोंडात तसाच धरून बघायची आणि म्हणायची, "हो गो, हाय खरं." पाय भिंतीला लावून झोपणं मात्र राहिलं. जेवल्यावर मला लगेच आडवं व्हायचं नसे. मी भिंतीला टेकून बसायची, ती आडवी व्हायची, आणि बोलता बोलता घोरायला लागायची.

भूक मला परत लागली ती बरीच नंतर. शाळा सुरू झाली होती, चौथा तास चालू होता. फळ्यावर लिहिताना पोटात काहीतरी हललं. आधी कळलंच नाही. मग मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. मुलं बघायला लागली. इतकी बारीक, इतकी नम्र भूक मला आयुष्यात कधी लागली नव्हती. पूर्वीची भूक दरडावायची. ही हळूच विचारत होती. मी डब्यातला पनीरचा तुकडा मधल्या सुट्टीत, खिडकीपाशी बसून, सावकाश खाल्ला आणि ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "आली काय बया? बरं झालं. आता तिला डोक्यावर चढवू नको."

आज मी अर्धी भाकरी खाते, वाटीभर भात, मासा भरपूर. गोळ्या रोज घेते, रक्त तपासून घेते. थोडं वजन मध्ये परत चढलं होतं, ते पाहून घाबरले, परत सावरले. बोईसरचा पूल एका दमात चढते. पण ताई आता माहीमला राहत नाही. तिच्या मुलाने, रोहनने, बोईसरला फ्लॅट घेतला आणि आई-वडिलांना तिकडे नेलं. माहीमच्या पडवीत सुट्टीच्या दुपारी मी एकटीच असते. मांडवातून तोच हिरवा उजेड येतो. माझी वाटी आता ताटली झाली आहे, पण कधी कधी तिच्यातलं अन्न चावता चावता थांबते आणि माझ्या लक्षात येतं की समोरून कुणी बोलत नाहीये.

यंदा सुट्टी लागली तशी ताई आठ दिवस राहायला आली. आंब्यांसाठी, म्हणाली. तिचे गुडघे सुजले होते. पडवीची एक पायरी चढायला तिने दोनदा भिंत धरली. साखरही वाढली आहे, हे मला रोहनने आधीच फोनवर सांगितलं होतं. "काकी, तू तरी समजाव तिला. तुझं ऐकेल." मी समजावलं नाही. मला माहीत आहे, असं कुणी समजावायला लागलं की माणूस आधी कान बंद करतं.

दुपारची जेवणं झाली. ती आंब्याचा बाठा चोखत बसली होती, मनगटापर्यंत रस ओघळला होता. एकदम म्हणाली, "मिनू, एक विचारू? पण खरं सांगायचं."

"विचार."

"त्याच्यानंतर तुला कधी पोटभर जेवल्यासारखं वाटलं काय गो? पयल्यासारखं?"

हे ऑपरेशन करू इच्छिणाऱ्या कितीतरी जणींनी मला फोन केलेत. त्यांना सांगायची माझी उत्तरं ठरलेली आहेत. गुडघे दुखत नाहीत, श्वास अडकत नाही, जिना चढता येतो. सगळी खरी आहेत. पण असा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. तो ताईलाच सुचणार.

"नाही, ताई," मी म्हटलं. "पोट भरतं, लगेच भरतं. पण ते घाम येईपर्यंत जेवणं, टोप पुसून खाणं, ते नाही परत आलं. मला अजून त्याची आठवण येते."

ती बाठ्याकडे बघत राहिली.

"आणि तरी परत तीच वेळ आली तर करशील?"

"करीन."

मांडवात कुठेतरी भारद्वाज घुमत होता. मग तिने बाठा ताटात ठेवला.

"रोहन, डॉक्टर, सगळे मला सांगतात, काय वाटत नाय, सवय होते. तूपण तसंच म्हणाली असतीस ना, तर मी नसते आले."

"कुठे?"

"तुझ्या त्या डॉक्टरकडं. फोन लाव. नुसतं दाखवायला येते, हां. कापायचं का नाय ते मग बघू." आणि मी मोबाइल हातात घेतलेला बघून घाईघाईने म्हणाली, "पण आंबे संपल्यावर गो!"

मी फोन लावला आणि पलीकडच्या मुलीला जूनमधला दिवस मागितला. ती नाव, वय विचारत होती, मी सांगत होते, आणि ताई माझ्या तोंडाकडे बघत होती. फोन ठेवला तेव्हा तिने टोपलीतला एक पिकलेला आंबा निवडला, पुसला, कापला. पातळशी फोड माझ्या तळहातावर ठेवली, उरलेला आंबा स्वतःकडे ओढला आणि म्हणाली, "खा. सावकाश."